खासदाराचा खाडा कोण मांडणार?



भोंगा झाला की आपण फाटकाच्या आत पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला तर हजेरी मांडणारा मान वर करून बघतो. दहा मिनिटं झाली तर अर्धी पाळी गेली. खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार गेला, वर बोनसच्या वेळी तोच खाडा पुन्हा पुढ्यात येतो. कापडावर डाग दिसला की मुकादम ताका उलगडून विचारतो, "हे कुणाच्या साच्यावरचं?" आपल्या घामाचा हिशेब ठेवायला मालकानं माणसं नेमलीत आणि ती चोख काम करतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण ज्या माणसाला आपण बोटाला शाई लावून पाच वर्षांसाठी दिल्लीला कामावर लावला, त्याचा खाडा कोण मांडतो? त्याच्या साच्यावरून काय माल निघाला आणि त्यात डाग किती, हे ताका उलगडून कोण बघतो? निवडणूक आली की तो आपल्या दारात येतो, आपण नारळ फोडतो, हलगी वाजते, आणि मग पाच वर्षं आपण त्याला लग्नाच्या मांडवात आणि मयताच्या घरात बघतो. लग्नामयताला येणं चांगलंच. पण त्यासाठी आपण त्याला दिल्लीला धाडला नव्हता.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. आपल्या बापजाद्यांनी हा हिशेब एकदा असा काही चुकता केला होता की दिल्लीला घाम फुटला होता.

आठवा. ऑक्टोबर १९५५ मध्ये फाजल अली आयोगाचा अहवाल आला. मराठी माणसाला मुंबईसह एक राज्य द्यायला तो तयार नव्हता. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली आणि मुंबई पेटली. शंभरावर माणसं या लढ्यात गोळीला बळी पडली, त्यात गिरणीत राबणारी आपली माणसं किती होती हे हुतात्म्यांची यादी वाचली की कळतं. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्र्याची खुर्ची सोडली आणि भर लोकसभेत उभं राहून कारण सांगितलं. आणि ऑगस्ट १९५६ मध्ये त्याच लोकसभेत महाद्वैभाषिक मुंबई राज्याच्या बाजूने हात वर झाले. आमचा सवाल इथंच आहे. राज्य कुणाचं असावं, त्याची हद्द कुठं असावी, हे ठरवायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. साध्या बहुमताने ते होतं. म्हंजे लाखो लोक रस्त्यावर होते, पण चिठ्ठी होती दिल्लीत बसलेल्या काहीशे माणसांच्या हातात. त्यातले मराठी मुलखातले खासदार कोण कुठं उभे राहिले, कोण गप्प बसले, कोण पक्षाच्या मागं गेले, याची त्या काळी गावच्या पारावर चर्चा होत होती. मोबाईल नव्हता, दूरदर्शन नव्हतं. वर्तमानपत्र एकजण वाचायचा आणि दहाजण ऐकायचे.

आणि मग १९५७ ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला चारीमुंड्या चीत केलं. साताऱ्याने लोकसभेत कुणाला पाठवलं? प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना. ज्याने इंग्रजाला या मुलखात सळो की पळो केलं, त्याला आपल्या लोकांनी दिल्लीच्या सभागृहात नेऊन बसवलं, आणि तो गडी तिथंही मराठीतच बोलला, असं आमची म्हातारी माणसं सांगायची. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा घाटात काळ्या निशाणांची रांग उभी होती. अडीच वर्षांनी, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तोही लोकसभेच्या मतानेच झाला, हे विसरू नका. १९५६ मध्ये ज्या सभागृहाने नाही म्हटलं, त्याच सभागृहाने १९६० मध्ये होय म्हटलं. मधे घडलं ते एवढंच, की लोकांनी मतांचा हिशेब मागितला.

त्या लोकांचे नातू आपण. आणि आपल्याला आपल्या खासदाराने गेल्या अधिवेशनात काय केलं हे विचारलं तर आपण छताकडे बघतो.

आम्हीही त्यातलेच. मागल्या निवडणुकीच्या आधी आम्ही पाच-सहाजण एका पक्षाच्या कचेरीत गेलो. नाव सांगत नाही, सगळ्यांची कचेरी एकसारखीच. आम्ही म्हटलं, "साहेबांनी कामगार कायद्यावर काय मत दिलं ते बघायचंय." तिथल्या पोराने आम्हाला बसवलं, चहा दिला आणि गुळगुळीत कागदाचं पुस्तक हातात ठेवलं. त्यात सभामंडप होते, हायमास्ट दिवे होते, रस्त्याचं भूमिपूजन होतं, साहेबांचे सत्तेचाळीस फोटो होते (आमच्यातल्या एकाने मोजले). मत कुठंच नव्हतं. आम्ही पुन्हा विचारलं तर पोरगं म्हणालं, "दादा, एवढी कामं केल्यावर मत कशाला बघता?"

आता हे सभामंडप कशातून होतात तेही ऐका. १९९३ च्या डिसेंबरात खासदार निधी सुरू झाला. २०११ पासून तो वर्षाला ५ कोटी आहे. कोरोनाच्या काळात मधे बंद ठेवला होता. तो पैसा सरकारचा, म्हंजे तुमचा-आमचा, काम करतो जिल्हाधिकारी, आणि पाटीवर नाव साहेबांचं. आम्ही रस्त्याला नाही म्हणत नाही. पण गटार आणि रस्ता हे काम ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कुणीही करील. सगळ्या देशाला लागू होणारा कायदा करायचं काम मात्र फक्त संसदेचं आहे, आणि तिथं तुमच्या वतीने एकच माणूस बसतो.

तेव्हा त्याची हजेरी कशी बघायची ते सांगतो. अवघड नाही.

पहिली गोष्ट, आपला खासदार कोण ते नीट माहीत करून घ्या. हसू नका. माण आणि फलटणचा माणूस राहतो सातारा जिल्ह्यात, पण मत देतो माढ्याला. वाळवा-शिराळ्याचा माणूस सांगली जिल्ह्यातला, पण त्याचा खासदार हातकणंगल्याचा. २०२४ मध्ये माढ्याहून धैर्यशील मोहिते पाटील गेले आणि हातकणंगल्याहून धैर्यशील माने. पक्ष निराळे, बाजू निराळी. आमच्या खात्यात दोन गडी अर्धा तास भांडत होते आणि प्रत्येकजण आपल्याच धैर्यशीलबद्दल बोलत होता. साताऱ्याहून उदयनराजे भोसले भाजपकडून गेले, सांगलीहून विशाल पाटील अपक्ष.

लोकसभेतही मस्टर असतं. सभासद सही करतो तेव्हा त्या दिवसाचा भत्ता मिळतो. एप्रिल २०२३ पासून तो २,५०० रुपये आहे आणि महिन्याचा पगार १,२४,००० रुपये. मंत्री सही करत नाहीत, म्हणून मंत्र्याची हजेरी शोधू नका. दिल्लीतली पीआरएस म्हणून एक संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा आणि स्वतः मांडलेली विधेयकं यांची मोजदाद ठेवते. कुणालाही मोबाईलवर फुकट बघता येते. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेत खासदारांची सरासरी हजेरी ७९ टक्के होती. आपल्या साहेबांचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा. दहा दिवसांत दोन दिवस खाडा असलेला कामगार आपल्या गिरणीत किती दिवस टिकेल ते तुम्हाला माहीत आहे.

पण थांबा. खाडा आणि लॉकआऊट यातला फरक कामगाराला कुणी शिकवायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित केले गेले. त्यात बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हेही होते. फाटक बंद केल्यावर मस्टरवर सही कशी होणार? म्हणून नुसता आकडा बघून कुणाला कामचुकार म्हणू नका. आणि उलटंही खरं. सही करून पाच मिनिटांत बाहेर पडणाऱ्याचीही हजेरी पूर्णच लागते. आपल्याकडंही कार्ड पंच करून संडासात बिडी ओढत बसणारा असतोच की.

प्रश्नांचंही तसंच. रोज २० तारांकित प्रश्नांची यादी असते, त्यांना मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि उलटा प्रश्न विचारता येतो. २३० अतारांकित असतात, त्यांना लेखी उत्तर. एखाद्या खासदाराच्या नावावर पाचशे प्रश्न दिसले की आपण म्हणतो, वाघ आहे. अरे, मीटरवर जाऊ नका, कापड बघा. आम्ही एका संध्याकाळी बसून काही खासदारांचे प्रश्न वाचले. एकच प्रश्न, शब्दाला शब्द तोच, चार-पाच खासदारांच्या नावाने. कुणीतरी लिहून दिलेला असणार. आणि एखाद्याचे प्रश्न वीसच असतील, पण त्यात यंत्रमागाच्या विजेबद्दल असेल, सूत आणि कापसाच्या भावाबद्दल असेल, भविष्यनिर्वाह निधीच्या थकबाकीबद्दल असेल. विट्याच्या मागवाल्याला त्या वीसांचं मोल जास्त आहे.

आता मुद्द्याचं, मताचं. इथंच खरी गोम आहे.

लोकसभेत अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' म्हणा, विरोधी 'नाही' म्हणा. आवाज ऐकून ते निकाल देतात. याला आवाजी मतदान म्हणतात. यात कुणाचंही नाव लिहिलं जात नाही. त्यावर एखादा सभासद म्हणाला की मला हा निकाल मान्य नाही, मतं मोजा, तर मतविभागणी मागता येते. मग घंटा वाजते, दारं बंद होतात, बटणं दाबली जातात आणि प्रत्येकाचं नाव होय-नाहीच्या यादीत छापलं जातं. घटनेत दुरुस्ती करायची तर मोजणी करावीच लागते. म्हणून २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणावर ४५४ विरुद्ध २ अशी मतं पडली हे आपल्याला आज ठाऊक आहे आणि ते दोन कोण हेही ठाऊक आहे, ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील. ती दोन मतं पटोत न पटोत, माणसं नावानिशी उभी राहिली. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तेव्हा एका मताची किंमत सगळ्या देशाला कळली.

पण २२ सप्टेंबर २०२० हा दिवस किती कामगारांना आठवतो?

त्या दिवशी लोकसभेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. कोरोनाचा काळ, त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. राज्यसभेच्या आठ खासदारांच्या निलंबनावरून विरोधी पक्षांनी बहिष्कार घातलेला, म्हणून बाकं रिकामी. तीन दिवसांपूर्वी मांडलेली विधेयकं, शेकडो कलमं, आणि आवाजी मतदानाने पसार. साताऱ्याच्या जागेवर तेव्हा विरोधी पक्षाचे श्रीनिवास पाटील होते, सांगलीच्या जागेवर सत्ताधारी पक्षाचे संजयकाका पाटील. पण त्या कायद्यापुढे दोघांच्याही नावाला ना होय लागलेलं आहे, ना नाही. ज्या कायद्याने तुमच्या-आमच्या भाकरीला हात घातला, त्यावर आपल्या माणसाचं मत काय, हे कुठल्याच यादीत सापडत नाही.

कायदा काय करतो? गिरणी बंद करायची किंवा कामगार कमी करायचे तर सरकारची आधी परवानगी लागते, हे कलम १९७६ मध्ये आलं तेव्हा ते ३०० कामगारांच्या कारखान्याला लागू होतं. पुढं १९८२ च्या दुरुस्तीने ते १०० वर आणलं. म्हंजे जास्त कामगारांना संरक्षण मिळालं. २०२० च्या संहितेने ते पुन्हा ३०० वर नेलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अंमलात आल्या आहेत. तुमच्या सूतगिरणीत, तुमच्या प्रोसेस हाऊसमध्ये मस्टरवर किती नावं आहेत मोजा. दोनशे ऐंशी असली तर उद्या टाळं लावायला मालकाला परवानगीचा कागद लागणार नाही. आणि संप करायचा तर १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांना सक्तीची. सरकारचं म्हणणं, याने कारखाने वाढतील, नेमणुकीचं पत्र सगळ्यांना मिळेल. नेमणुकीचं पत्र मिळालं तर आम्ही डोक्याला लावू. पण ज्यांचे आजे गिरणगावात त्राशन खात्यात राबले आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर पिशवी घेऊन खटाव-माणच्या गाडीत बसून परत आले, त्यांना टाळं म्हणजे काय हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

त्या संपानंतर १९८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी डॉक्टर दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. आपला माणूस सभागृहात असावा हे तेव्हाच्या कामगाराला कळलं होतं. आणि योगायोग बघा, त्याच लोकसभेने १९८५ च्या सुरुवातीला पक्षांतरबंदीचा कायदा केला. आयाराम-गयाराम थांबवायला तो हवा होता, हे खरं. पण त्याने दुसरंही झालं. पक्षाने तीन रेघांचा व्हिप काढला की खासदाराला त्याविरुद्ध मत देता येत नाही. दिलं, किंवा न विचारता गैरहजर राहिला, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून आज मतांच्या यादीत तुमच्या साहेबांच्या नावापुढचं होय हे बहुधा पक्षाचं होय असतं.

मग यादी बघून फायदा काय, असं आमच्याच एका जोडीदाराने विचारलं. चांगला सवाल. आम्ही म्हणतो, व्हिप हात बांधतो, तोंड बांधत नाही. चर्चेत उभं राहून माझ्या मतदारसंघातल्या कामगाराचं हे म्हणणं आहे असं सांगायला कुठला व्हिप आडवा येतो? दुरुस्ती सुचवायला, स्थायी समितीत भांडायला, शुक्रवारी दुपारी स्वतःचं विधेयक मांडायला कोण अडवतं? १९७० नंतर असं एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही, तरी मांडलेलं कागदावर राहतं आणि माणूस कुठं उभा आहे ते कळतं. आणि सगळ्यात मोठं म्हंजे मतविभागणी मागणं. "अध्यक्ष महोदय, नावं मोजा," एवढं म्हणायला काय जातं?

सांगलीकरांनी तर २०२४ मध्ये अपक्ष निवडून दिला. अपक्षाला कुणाचा व्हिप लागू नाही. तो कुणालाही पाठिंबा देवो, बटण दाबायची वेळ आली की बोट त्याचं स्वतःचं. तेव्हा सांगलीच्या खासदाराला "पक्षाने सांगितलं" हे कारण देता येणार नाही, आणि सांगलीच्या मतदारालाही ते ऐकून घेता येणार नाही. साताऱ्याने २०१९ मध्ये आपलंही पाणी दाखवलं होतं. एप्रिल-मेमध्ये निवडून आलेले उदयनराजे सप्टेंबरात राजीनामा देऊन पक्ष बदलून पुन्हा मतं मागायला आले, तेव्हा ऑक्टोबरात त्याच मतदारांनी त्यांना पाडलं. २०२४ ला पुन्हा निवडून दिलं. हा लोकांचा अधिकार आहे, आमची त्यावर टीका नाही. पण पक्ष बदलल्याचा हिशेब जे एवढ्या चोख मागतात, ते कायद्यावरच्या मताचा हिशेब मागत नाहीत, याचं आम्हाला नवल वाटतं.

म्हणून आमच्या शाखेने एक वही घातली आहे. शंभर पानी, शाळेतली. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी, अशी वर्षात तीन अधिवेशनं. प्रत्येक अधिवेशनाला एक पान. रकाने आमचे आम्हीच आखले. साहेब किती दिवस होते, आणि नव्हते तर का. कामगार, कापड, सूत, वीज, पाणी यावर काय विचारलं, त्याला उत्तर काय आलं. नावानिशी मतदान झालं तिथं होय, नाही की गैरहजर. आणि शेवटचा रकाना आम्ही लाल शाईने आखला आहे, आवाजी मतदानाने काय काय पसार झालं त्याचा. पानं भरायला आम्हाला कॉलेजात शिकलेला माणूस लागला नाही. आमच्यातले बहुतेक सातवीच्या आत शाळा सोडलेले. एका कामगाराची पोरगी बारावीला आहे, ती इंग्रजी कागद वाचून दाखवते, आम्ही मराठीत लिहून घेतो. पहिल्या महिन्यात चुका झाल्या, एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या नावावर पडला, तो खोडून नीट केला. खोडलेलं तसंच ठेवलं आहे, फाडलं नाही.

चारही मतदारसंघांच्या खासदारांना आम्ही रजिस्टर टपालाने एकच पत्र धाडलं. त्यात तीन प्रश्न आहेत. ३०० च्या कलमाबद्दल तुमचं स्वतःचं मत काय? २०२० साली खासदार असता किंवा होता, तर मतविभागणी मागितली असती का, किंवा मागितली का? आणि येत्या अधिवेशनात कामगारांबद्दल तारांकित प्रश्न टाकणार का? पत्रात शिवी नाही, विनवणीही नाही. मुकादम विचारतो तसं विचारलं आहे.

पोचपावत्या वहीच्या पहिल्या पानाला टाचल्या आहेत. उत्तराचा रकाना अजून मोकळा आहे. जे उत्तर येईल ते, ज्या पक्षाच्या खासदाराचं असेल त्याचं, शब्द न बदलता फळ्यावर लिहू. वही शाखेच्या खोलीत खुंटीला टांगलेली असते. रविवारी सकाळी दहापासून दारं उघडी. विट्याच्या आणि इस्लामपूरच्या बांधवांनी आपापली वही घालायची असेल तर रकाने उतरवून न्या, पेन मात्र घरून आणा.